न्यायासनावरील पहिल्या स्त्रिया आणि आपली पेढी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण व्यापारी घरांत जितक्या निष्ठेने पाळली जाते तितकी अन्यत्र क्वचितच पाळली जात असेल. उधारी अडकली तर चार मातबर माणसे मध्ये घालावीत, भावाभावांत वाटणीचा प्रश्न आला तर मामा-काकांच्या साक्षीने बैठक बसवावी आणि प्रसंगी थोडे नुकसान सोसून प्रकरण मिटवावे, ही आपली रीत. तिच्यात व्यवहारज्ञान आहे. दिवाणी दाव्यात दोन पिढ्या घालवलेली घराणी आपण सर्वांनीच पाहिली आहेत. मात्र या रीतीचा एक परिणाम असा झाला की, जालना रोडवरून रोज ये-जा करणारे आपण तेथील उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची इमारत बाहेरूनच पाहतो. आत न्यायासनावर कोण बसते आणि ते तेथवर कसे पोहोचले, याविषयी आपल्याला फारसे कुतूहल नसते. घरातल्या मुलीने बारावीनंतर ‘मला वकिली करायची आहे’ असे म्हटले की ‘त्यापेक्षा सीए कर’ हे उत्तर तयारच असते.

हे कुतूहल आता असायला हवे. गेल्या शंभर वर्षांत आपल्या दुकानाचे, कारखान्याचे, एकत्र कुटुंबाचे आणि लेकीसुनांच्या हक्कांचे नियम बदलत गेले. त्यांतील काही बदलांमागे कायद्याच्या क्षेत्रात प्रथम पाऊल ठेवणाऱ्या स्त्रियांचे परिश्रम आहेत. त्यांची चरित्रे वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते. या व्यवसायाने स्त्रीला प्रवेश दिला तो बहुधा एका लहान दारातून: पडद्यातल्या बायकांची कामे, मुलांची न्यायालये, कौटुंबिक तंटे. बायकांचे प्रश्न बायकांनी पाहावेत, एवढाच त्या प्रवेशाचा अर्थ होता. ज्यांना आपण आज अग्रणी म्हणतो त्या स्त्रियांनी ते लहान दारही आनंदाने स्वीकारले. मात्र आत गेल्यावर पैशाचे, व्यापाराचे आणि राज्यघटनेचे प्रश्नही आपल्यापुढे आलेच पाहिजेत, असा आग्रह धरला.

स्त्रियांचे खटले, पुरुषांची न्यायालये

मुंबई उच्च न्यायालयाची स्थापना १८६२ सालची. १८८४ मध्ये दादाजी भिकाजी यांनी पत्नी रखमाबाई नांदायला येत नाहीत म्हणून तेथे दावा लावला. बालपणी लावून दिलेले ते लग्न रखमाबाईंना मान्य नव्हते. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो टिकला नाही आणि १८८७ मध्ये नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी तडजोड होऊन त्या मोकळ्या झाल्या व कालांतराने डॉक्टर झाल्या. हा इतिहास मराठी वाचकांना परिचित आहे. त्या सबंध खटल्यात न्यायासनापासून वकिलांच्या बाकापर्यंत एकही स्त्री नव्हती, आणि कायद्याने असू शकतही नव्हती, ही बाब मात्र आपण सहसा लक्षात घेत नाही.

याच काळातील एक खटला आपल्या समाजाशी थेट निगडित आहे. शिवसिंग राय विरुद्ध दाखो हा वाद उत्तर हिंदुस्थानातून थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८७८ मध्ये त्याचा निकाल लागला. दाखो ही सरावगी अग्रवाल जैन समाजातील निपुत्रिक विधवा. या समाजाच्या रूढीप्रमाणे अशा विधवेला पतीच्या स्वकष्टार्जित मालमत्तेवर पूर्ण हक्क मिळतो आणि पतीने परवानगी देऊन ठेवली नसली तरी ती दत्तक घेऊ शकते, असे तेथे मान्य झाले. त्या काळच्या सर्वसाधारण हिंदू विधवेला यातले काहीच सहजासहजी मिळत नव्हते. बॅरिस्टर चंपतराय जैन यांनी १९२६ मध्ये ‘द जैन लॉ’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा अशा रूढींची नोंद हा त्यामागचा एक महत्त्वाचा विषय होता. पुढे १९५६ चा हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू झाला आणि वारशाच्या बाबतीत ते स्वतंत्र प्रकरण मिटले. पण दाखोचा हक्क तिच्याच समाजाच्या रूढीत होता आणि तो सिद्ध करण्यासाठी तिला समुद्रापार परक्या पुरुषांच्या न्यायालयापर्यंत लढावे लागले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

नाशिकची कॉर्नेलिया

हा लढा आतून पाहिलेली पहिली स्त्री आपल्याच महाराष्ट्रातली होती. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ साली नाशिकला झाला. वडील पारशी घराण्यातून ख्रिस्ती धर्मात गेलेले. कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर ठरल्या. त्यांच्या गुणांना इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. स्त्री असल्यामुळे ती मिळाली नाही. काही काळ त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकवले. पुढे इंग्लंडमधील हितचिंतकांनी वर्गणी जमवली आणि त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ मध्ये तेथील कायद्याची उच्च परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पदवी मात्र त्यांच्या हाती पडली १९२२ मध्ये, कारण १९२० पर्यंत ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवी देतच नव्हते. परीक्षा आणि प्रमाणपत्र यांत तीस वर्षांचे अंतर!

भारतात परतल्यावर त्यांनी मुंबईची एलएल.बी. केली, अलाहाबादला वकिलीची परीक्षाही दिली. सनद तरीही मिळेना. अखेर त्यांनी सरकारपुढे एक वेगळी योजना मांडली. बंगाल, बिहार, आसाम या प्रदेशांत जमीनदार वारल्यावर त्याच्या विधवेची व अज्ञान मुलांची मालमत्ता ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’ या सरकारी खात्याच्या देखरेखीखाली येई. या स्त्रिया पडदानशीन. परक्या पुरुषाशी बोलणे त्यांना वर्ज्य. दिवाण किंवा दीर कागद आत पाठवी आणि पडद्यामागून अंगठा उमटून कागद बाहेर येई. त्यात काय लिहिले आहे हे अंगठा देणारीला ठाऊक नसे. सोराबजींचे म्हणणे असे की, या स्त्रियांकडे आत जाऊन बोलू शकेल असा कायद्याचा जाणकार सरकारने नेमावा, आणि तो स्त्रीच असू शकतो. १९०४ मध्ये त्यांची तशी नेमणूक झाली. पुढच्या सुमारे वीस वर्षांत पालखीतून, होडीतून, हत्तीवरून प्रवास करत त्यांनी सहाशेच्या आसपास स्त्रिया व मुलांची प्रकरणे हाताळली, असा अंदाज सांगितला जातो. त्यांची राजकीय मते साम्राज्याच्या बाजूची होती; ती आज कोणालाच पटणार नाहीत. त्यांच्या कामाचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

न्यायालयांनीही पडदानशीन स्त्रीच्या बाबतीत एक दंडक मान्य केला होता: अशा स्त्रीने दस्त करून दिला असेल, तर तिला त्यातील मजकूर समजला होता व तिने तो स्वेच्छेने केला, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या दस्ताचा लाभ घेणाऱ्यावर. व्यवहार करणाऱ्या माणसाला या दंडकातला न्याय लगेच कळेल. ज्याच्या पदरात माल पडला, त्यानेच वजनकाटा दाखवावा.

आता पडदा उरला नाही. पण वडिलांच्या पश्चात घर, दुकान किंवा जमीन भावांच्या नावे करताना बहिणींनी हक्कसोड पत्रावर सह्या करण्याचा प्रघात आपल्याकडे अजून चांगलाच रूढ आहे. माहेरपण टिकावे म्हणून बहीण सही करते आणि पुष्कळदा मनापासूनही करते. कायद्याची त्याला हरकत नाही. प्रश्न एवढाच की, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात अंगठा देण्यापूर्वी तिने तो दस्त वाचलेला असतो का, आणि मालमत्तेची किंमत तिला कोणी सांगितलेली असते का? महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत सहदायाद केले, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद गेला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा हक्क जन्मसिद्ध आहे. २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. (हा निकाल देणाऱ्या पीठावर तिन्ही न्यायमूर्ती पुरुष होते, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.) हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावाने खाते चालवणाऱ्या प्रत्येक पेढीला हा निकाल लागू आहे. सोराबजी करत ते काम, म्हणजे सही करणाऱ्या स्त्रीला कागद समजावून सांगणे, आजही कोणीतरी करावे लागतेच.

सनद आणि खुर्ची

१९१६ मध्ये कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाने रेजिना गुहा यांना, तर १९२१ मध्ये पाटण्याने सुधांशुबाला हाजरा यांना सनद नाकारली. कायद्यातील ‘व्यक्ती’ या शब्दात स्त्री येत नाही, असा तो युक्तिवाद होता. त्याच वर्षी अलाहाबादने सोराबजींची नोंद केली, आणि १९२३ च्या कायद्याने केवळ स्त्री म्हणून कोणालाही वकिलीपासून दूर ठेवता येणार नाही, हे ठरले. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री मिठन टाटा, विवाहानंतरच्या मिठन लाम. त्यांनी भुलाभाई देसाई यांच्या हाताखाली काम केले. १९४७ मध्ये त्या मुंबईच्या पहिल्या महिला शेरीफ झाल्या. व्हायोलेट अल्वा यांनी १९४४ मध्ये उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे युक्तिवाद केला, आणि न्यायदानाचे काम त्यांच्या वाट्याला आले ते बालन्यायालयाच्या अध्यक्ष म्हणून, १९४८ ते १९५४. पूर्णपीठापुढे उभी राहू शकणारी वकील, पण खुर्ची मात्र मुलांच्या कोर्टात!

न्यायासनाचा मान पहिल्यांदा दिला तो त्रावणकोर संस्थानाने. तेथे १९३७ मध्ये ॲना चंडी मुन्सफ झाल्या, १९४८ मध्ये जिल्हा न्यायाधीश आणि ९ फेब्रुवारी १९५९ रोजी केरळ उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती. भारतातील उच्च न्यायालयाच्या त्या पहिल्या महिला न्यायमूर्ती. इंग्लंडमध्ये उच्च न्यायालयावर पहिली स्त्री एलिझाबेथ लेन बसल्या त्या १९६५ मध्ये, म्हणजे केरळनंतर सहा वर्षांनी. फुले, कर्वे यांचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राने मात्र १९७८ पर्यंत वाट पाहायला लावली. मुंबई उच्च न्यायालय स्थापन होऊन तोवर ११६ वर्षे झाली होती.

सुजाता मनोहर

१९७८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आलेल्या या पहिल्या महिला न्यायमूर्ती म्हणजे सुजाता मनोहर. जन्म १९३४ चा. वडील के. टी. देसाई पुढे गुजरात उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले, त्यामुळे घरात कायद्याचे वातावरण होते. हा आधार मोठा होता, यात शंका नाही. एल्फिन्स्टन कॉलेज, मग ऑक्सफर्ड, मग बॅरिस्टरीची परीक्षा, आणि १९५८ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत वकिली. मूळ शाखा म्हणजे मुंबई शहरातील मोठ्या रकमांचे दावे, कंपन्या, भागीदाऱ्या, विश्वस्त निधी यांचा प्रांत. मनोहर यांची वकिली मुख्यत्वे व्यापारी दाव्यांची होती. त्याच वेळी विधी साहाय्य योजनेतून गरजू स्त्रियांचे कौटुंबिक खटलेही त्या चालवत.

आपल्या वाचकांना यात विशेष वाटावे ते हेच. करार कसा वाचावा, भागीदारी मोडताना हिशेब कसा लागतो, तारण आणि व्याज यांचा मेळ कसा बसतो, हे ज्ञान स्त्रीला नसते हा समज त्या काळी बारमध्ये होता, आणि थोडा आपल्या पेढ्यांवर आजही आहे. मनोहर यांनी वीस वर्षे हेच काम केले. दिवाणी न्यायालयाच्या न्यायाधीशपदाचा प्रस्ताव त्यांना आधी आला होता, तो त्यांनी स्वीकारला नाही. मिळाली तेवढी खुर्ची घेऊन बसण्याचा मोह टाळायलाही धैर्य लागते.

सोळा वर्षे न्यायमूर्ती म्हणून काम केल्यावर जानेवारी १९९४ मध्ये त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती झाल्या. एप्रिलमध्ये केरळच्या मुख्य न्यायमूर्ती म्हणून त्यांची बदली झाली आणि ८ नोव्हेंबर रोजी त्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचल्या. तेथे त्यांच्यापूर्वी एकच स्त्री बसली होती: १९८९ मध्ये आलेल्या न्या. फातिमा बीवी. ऑगस्ट १९९९ मध्ये निवृत्त होण्यापूर्वी मनोहर यांनी वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातील किमान गुणांच्या प्रश्नावर घटनापीठाचा बहुमताचा निकाल लिहिला. वरवर पाहता त्यात ‘स्त्रियांचा प्रश्न’ असे काहीच नव्हते.

तरीही त्यांचे नाव घेतले की विशाखा निकाल आठवतो, आणि तो आठवलाच पाहिजे. राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात काम करणाऱ्या भंवरीदेवी यांनी बालविवाह थांबवण्याचा प्रयत्न केला, म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. खालच्या न्यायालयात आरोपी बलात्काराच्या आरोपातून सुटले. या घटनेवरून काही महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांचा प्रश्न व्यापक होता: कामावर जाणाऱ्या स्त्रीचा छळ झाला तर तिने दाद कोठे मागायची? कायदा नव्हता. १३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. बी. एन. किरपाल यांच्या पीठाने निकाल दिला. तो सरन्यायाधीशांनी लिहिला. कायदा होईपर्यंत प्रत्येक आस्थापनेने पाळायची मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयानेच घालून दिली. संसदेने कायदा केला २०१३ मध्ये, म्हणजे सोळा वर्षांनी.

या कायद्याची गुलमंडीवरच्या दुकानात किंवा वाळूजच्या कारखान्यात नेमकी काय जबाबदारी येते, हे अनेक घरांत अजून ठाऊक नाही. म्हणून थोडे थांबून सांगतो. पुरुष व स्त्रिया मिळून दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील, तर मालकाने लेखी आदेश काढून अंतर्गत समिती नेमायची असते. रोजंदारीवरचे आणि हंगामी कामगारही या संख्येत येतात. समितीची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरचा, अशी तिची रचना. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची व चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. समिती नेमली नाही तर पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दहाहून कमी माणसे असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. आणि आपल्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या बाईंसाठी आपले घर हेही या कायद्याने कामाचे ठिकाण आहे.

काऊंटरवर उभी राहणारी, हिशेब लिहिणारी, पॅकिंग करणारी मुलगी आपल्याकडे कामाला येते तेव्हा तिचे आईवडील मालकाच्या नावावर विश्वास ठेवतात. त्या विश्वासाला कागदाचा आधार देण्यात आपला व्यापार काही गमावत नाही.

नोटाबंदी आणि एक भिन्न मत

१९८९ ते २०२१ या काळात सर्वोच्च न्यायालयात ११ स्त्रिया न्यायमूर्ती झाल्या. त्यांत मुंबईच्या न्या. रंजना देसाई आहेत. सरकारी वकील म्हणून त्यांनी काम केले, १९९६ मध्ये त्या मुंबई उच्च न्यायालयात आल्या आणि २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यातील कसाबची फाशी कायम करणाऱ्या २०११ च्या निकालाच्या पीठावर त्या होत्या. पुढे सर्वोच्च न्यायालयात, मतदाराला ‘यांपैकी कोणीही नाही’ हा पर्याय देणाऱ्या २०१३ च्या निकालातही त्यांचा सहभाग होता.

व्यापाऱ्यांनी आवर्जून वाचावे असे मत मात्र न्या. बी. व्ही. नागरत्ना यांचे आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या त्या रात्री आपल्या सराफ्यात आणि मोंढ्यात काय धांदल उडाली, हे या मासिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द करण्याचा तो निर्णय कायदेशीर होता का, यावर घटनापीठाने २ जानेवारी २०२३ रोजी निकाल दिला. चार न्यायमूर्तींनी निर्णय वैध ठरवला. नागरत्ना एकट्या वेगळ्या मताच्या. हेतू चांगला असेल, त्याविषयी त्यांचा आक्षेप नव्हता. पण पुढाकार केंद्र सरकारचा असताना एवढे मोठे पाऊल केवळ राजपत्रातील अधिसूचनेने उचलता येत नाही, त्यासाठी संसदेचा कायदा हवा, असे त्यांनी लिहिले. नोटा केव्हाच बदलून झाल्या होत्या, त्यामुळे या मताने कोणाला काही परत मिळाले नाही आणि मिळणारही नव्हते. तरी नोटाबंदीचे समर्थन करणाऱ्यांनीही ते मत वाचावे. चलन, रिझर्व्ह बँक आणि सरकार यांच्या अधिकारांची ती बारकाईने केलेली मांडणी आहे. बायकांची कामे बायकांना, या जुन्या विभागणीपासून आपण किती दूर आलो, हे तेथे दिसते. ज्येष्ठतेचा क्रम पाळला गेला तर २०२७ मध्ये नागरत्ना देशाच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश होतील.

स्त्री न्यायासनावर बसली की निकाल आपोआप स्त्रीच्या बाजूने लागतो, असा समज कोणी करून घेऊ नये. तो स्त्रियांवर आणि न्यायावर, दोहोंवर अन्याय होईल. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठावरील एका महिला न्यायमूर्तींनी, त्वचेला त्वचेचा स्पर्श झाला नसेल तर बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या कायद्याखालील तो गुन्हा होत नाही, असा अर्थ लावला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. फिरवणाऱ्या निकालाचे लेखनही न्या. बेला त्रिवेदी या स्त्रीनेच केले होते. चूक करण्याची आणि चूक सुधारण्याची अशी दोन्ही मुभा पुरुषांना शतकानुशतके होती.

आपल्या गावात

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. न्यायालयाची भाषा उर्दू आणि उच्च न्यायालय हैदराबादला. महाराष्ट्र झाल्यावरही उच्च न्यायालयाच्या कामासाठी मुंबई गाठावी लागे. २७ ऑगस्ट १९८१ रोजी येथे खंडपीठ सुरू झाले, १९८४ मध्ये ते कायम झाले. मराठवाडा, खानदेश व अहिल्यानगर मिळून बारा जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. या घटनेकडे आपण प्रादेशिक मागणी म्हणून पाहतो. मला तिचा दुसरा परिणाम अधिक मोलाचा वाटतो. मुंबईत एकटीने खोली घेऊन राहणे ज्या मुलीला घरून शक्य नव्हते, ती आता आईच्या हातचा डबा घेऊन उच्च न्यायालयात वकिली करू शकते. न्या. विभा कंकणवाडी या जिल्हा न्यायसेवेतून २०१७ मध्ये उच्च न्यायालयात आल्या आणि याच खंडपीठावर त्यांनी दीर्घकाळ काम केले. जिल्हा न्यायाधीशाच्या खुर्चीतून वर जाण्याचा रस्ता येथून असा दिसतो.

कायद्याचे शिक्षण तर येथे कित्येक वर्षांपासून आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील नेते आणि येथील वकील माणिकचंद पहाडे यांच्या नावाचे विधी महाविद्यालय शहरात आहे; पहाडे हे आडनाव आपल्या वाचकांना परके नाही. २०१७ पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या संशोधन केंद्राच्या २०२३ च्या अहवालानुसार देशाच्या जिल्हा न्यायपालिकेत ३६.३ टक्के न्यायाधीश स्त्रिया आहेत, तर उच्च न्यायालयांत १३.४ टक्के. खालच्या पायऱ्या भरत आहेत, वरच्या अजून मोकळ्याच आहेत.

१९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यात न्यायाधीश नेमताना स्त्रियांना प्राधान्य द्यावे, असे म्हटले आहे. चांगली तरतूद, पण पाहा, येथेही दार तेच. २०१५ च्या व्यावसायिक न्यायालय कायद्यात असे काही नाही, आणि खरे तर व्यापारी घरातल्या मुलीचे घर तेथेच असायला हवे. तीन लाख रुपयांपासूनचे व्यापारी दावे आता या न्यायालयांत चालतात. तातडीचा हुकूम नको असेल तर दावा लावण्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची आहे. म्हणजे आपली बैठक बसवण्याची रीतच कायद्यात आली म्हणायची. उधारीची वही, जांगड, दलाली, धनादेश परत येणे, भागीदाराने माल परस्पर विकणे, हे शब्द आणि हे प्रसंग आपली मुलगी जेवणाच्या ताटावर ऐकत मोठी होते. कायद्याच्या इतर विद्यार्थ्यांना ते पुस्तकातून शिकावे लागते.

एक अडचण मात्र खरी आहे. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. नियम न्यायदानाच्या दृष्टीने योग्यच आहे; कोर्ट न पाहिलेल्या न्यायाधीशापेक्षा पाहिलेला बरा. पण पाच वर्षांचा अभ्यासक्रम संपताना मुलगी तेवीस वर्षांची असते, पुढची तीन वर्षे वरिष्ठ वकिलाकडे जवळपास बिनपगारी जातात, आणि नेमकी त्याच वर्षांत घरात स्थळे पाहायला सुरुवात होते. मुलाने नवे दुकान टाकले तर पहिली तीन वर्षे नफा दिसणार नाही हे गृहीत धरून आपण भांडवल देतो, भाडे भरतो, आणि त्याला कोणी टोमणा मारत नाही. मुलीच्या या तीन वर्षांचा हिशेब आपण त्याच वहीत मांडणार की वेगळ्या, हे प्रत्येक घराने ठरवायचे आहे.

ज्यांचे ठरले आहे त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. न्यायालयाने ही तीन वर्षे तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजायला सांगितली आहेत, आणि न्यायमूर्तींकडे विधी लिपिक म्हणून केलेले कामही त्यात धरायचे आहे. अनुभवाचा दाखला किमान दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाचा, व त्यावर तेथील प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची मान्यता लागते. तेव्हा शेवटच्या सत्राचा निकाल हाती येताच बार कौन्सिलकडे नोंदणीचा अर्ज करावा; सुटी घालवून, गावाला जाऊन, मग सावकाश केला तर तेवढे महिने हिशेबातून जातात.